मानेची नस आणि पोळ्याची झडती

माझ्या मोठ्या भावाच्या डाव्या डोळ्यापुढे पहिल्यांदा पडदा आला तेव्हा तो वडनेरच्या घरी ओसरीत बसून वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, घासत होता. दुकानाचं शटर ओढावं तसा काळा पडदा वरून खाली आला आणि चहा उकळून उतरेपर्यंत परत वर गेला. डोळा पूर्वीसारखा दिसायला लागला. भावाने कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्यांदा तसंच झालं ते संध्याकाळी, वहिनी समोर बसली असताना. त्याने तिला विचारलं, "लाइन गेली का वं?" वीज होती.

वहिनीने मोतीबिंदू ठरवला. त्या आठवड्यात समुद्रपूरला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथे ती त्याला एसटीने घेऊन गेली. शिबिरातल्या तरुण डॉक्टरने दोन्ही डोळे तपासले, पडदा कसा येतो आणि कसा जातो ते पुन्हा पुन्हा विचारलं आणि मग छाती तपासायची नळी भावाच्या मानेला लावली. डावीकडे बराच वेळ ऐकलं, उजवीकडे ऐकलं, परत डावीकडे ऐकलं. चिठ्ठी लिहून दिली आणि सांगितलं, आजच मोठ्या दवाखान्यात जा.

भावाने मला फोन केला. "डोया दाखवाले गेलतो बाई, तं त्यानं मान तपासली. नवाच दिसते बिचारा."

मी नालवाडीत राहते आणि वर्ध्यात एका सरकारी कार्यालयात आस्थापनेचं काम पाहते. आम्ही दोघंच भावंडं. घरात कुणाचंही दुखणं निघालं की कागद माझ्याकडे येतात, कारण मी ते लावून ठेवते आणि कोणत्या दिवशी कुठे जायचं याची यादी करते. वहिनीला तिच्या भाचीचं लग्न आटोपून जायचं होतं. मी चिठ्ठीचा फोटो मागवला, "आजच" या शब्दाखाली दोन रेघा पाहिल्या आणि सांगितलं की लग्नाला नवरी-नवरदेव हजर असले म्हणजे पुरे.

मोठ्या दवाखान्यात मानेची सोनोग्राफी झाली. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या नसा मानेतून वर जातात, एक डावीकडून, एक उजवीकडून. भावाची डावी नस आतून इतकी अरुंद झाली होती की रक्त कसंबसं जात होतं. तिच्या आतल्या थराचा एखादा कण सुटून डोळ्याच्या बारीक नसेत जाऊन अडकायचा आणि विरघळायचा. पडदा म्हणजे तो कण. पुढचा कण डोळ्याऐवजी मेंदूत जाऊ शकत होता, आणि तिथे तो विरघळेलच असं नव्हतं. त्याला लकवा म्हणतात.

सर्जन हिंदी बोलणारे, बाहेरचे होते. त्यांनी नीट समजावलं, एवढं मान्य केलं पाहिजे. नस उघडून आतला थर काढायचा आणि परत शिवायची. ऑपरेशनने डोळा सुधारणार नाही, कारण डोळा बिघडलेलाच नाही. बरं वाटणार नाही, कारण आत्ताही बरंच वाटतंय. पुढे येऊ शकणारा लकवा टळण्याची शक्यता वाढेल, आणि ज्यासाठी हे करायचं तोच लकवा ऑपरेशनच्या टेबलावर थोड्या लोकांना येतो. किती लोकांना, ते मी विचारलं. त्यांनी आकडे सांगितले. ते त्या दवाखान्याचे आणि त्या वयाच्या माणसांचे होते, म्हणून इथे देत नाही. ऑपरेशन करण्याचं पारडं जड होतं, पण पहिल्या काही दिवसांतच केलं तर.

"नसीत कचरा हाय म्हनता," भाऊ म्हणाला, "तं ठिबकच्या नयीत सोडतो तसं ॲसिड सोडून साफ नाई होत का?"

सर्जन हसले. "करके देखो. पर मेरे सामने नहीं."

मग त्यांनी डाव्या बाजूचं महत्त्व सांगितलं. बहुतेक माणसांची वाचा मेंदूच्या डाव्या भागात असते. डावी नस बंद पडली तर उजवा हात-पाय जातो आणि बोलणं जातं. शब्दच सापडत नाहीत. दुसरीकडे, ऑपरेशनच्या जागेजवळून स्वरयंत्राकडे जाणारा एक मज्जातंतू जातो. त्याला धक्का लागला तर आवाज बसतो. बहुतेकांचा परत येतो, काहींचा येत नाही.

हे ऐकून भावाची थट्टा पहिल्यांदा थांबली. त्याचं कारण सांगितलं पाहिजे.

आमच्याकडे पोळ्याला गावचे बैल तोरणाखाली रांगेत उभे करतात आणि झडत्या होतात. झडती म्हणजे यमक जुळवलेल्या चारसहा ओळी, बैलाच्या कौतुकाच्या किंवा समोरच्याला टोमणा मारणाऱ्या. म्हणणारा शेवटी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला" असं म्हणून थांबतो आणि जमलेला सगळा गाव "हर हर महादेव" असा जबाब देतो. मग समोरच्या बाजूने उलटी झडती येते. वडनेरला खालच्या पुऱ्याकडून, म्हणजे खालच्या वस्तीकडून, माझा भाऊ म्हणतो. वडील म्हणायचे, त्यांच्यानंतर तो. पाच एकराच्या शेतकऱ्याला गाव वर्षभर नावाने ओळखतं, पोळ्याच्या दिवशी आवाजाने. त्याच्या तोंडची एक झडती सगळ्यांना पाठ आहे, धुरा म्हणजे शेताचा बांध:

आभाळ आलं, भरून गेलं,
नाल्याचं पानी वावरात आलं.
वावर धुतलं, धुरा खचला,
माह्या ढवळ्याचा खूर नाई हलला.

म्हणजे दुखणं त्याची वाचा नेऊ शकत होतं आणि इलाज त्याचा आवाज. गावाहून चुलतभाऊ भेटायला आला, त्याने तिसरंच सांगितलं. "डोयाचं दुखनं अन् मान काऊन कापून राह्यले बाप्पा? उद्या याचा गुडघा दुखला तं डोकं काढतीन." वहिनीला ते पटल्यासारखं झालं. मी चुलतभावाला चहा दिला आणि एसटीची वेळ सांगितली.

सही भावानेच केली. "आवाज गेला तं भोंगा लावता येते," तो म्हणाला. "शब्दच गेले तं भोंग्यात काय बोलू?"

ऑपरेशन जागेपणी होणार होतं, फक्त मानेपुरती भूल देऊन. नस उघडून शिवेपर्यंत तिला वरखाली चिमटे लावून त्या बाजूचं रक्त अडवावं लागतं. तेवढा वेळ उजव्या नसेनेच पूर्ण मेंदू चालवायचा. ती चालवते आहे की नाही हे कळायला माणूस जागा असलेला बरा. त्याला बोलत ठेवतात आणि उजव्या हातात दाबलं की वाजणारं रबराचं बदक देतात. बोलणं थांबलं, बदक थांबलं, की नसेत एक तात्पुरती नळी बसवून रक्त चालू करतात. नळी बसवण्याचाही थोडा धोका असतो, म्हणून गरज पडली तरच. हे सगळं भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी आदल्या दिवशी सांगितलं. त्या रत्नागिरीकडच्या होत्या, शांत आणि नेमक्या बोलणाऱ्या. मला आवडल्या.

"काय बोलू पन?" भावाने विचारलं.

"काहीही बोला, काका. गाणं म्हणा, स्तोत्र म्हणा. थांबू नका, बस."

दुसऱ्या दिवशी वहिनी आणि मी बाहेर बाकावर होतो. वहिनीने पिशवीतून तिळाची चिक्की काढून मला दिली, स्वतः खाल्ली नाही. दुपार व्हायच्या आत डॉक्टर बाई मास्क खाली करून बाहेर आल्या. सगळं ठीक आहे, म्हणाल्या. मध्ये थोडी अडचण आली होती. चिमटा लावल्यावर काका सुरुवातीला छान बोलत होते, काहीतरी कविता म्हणत होते, सगळे हसत होते. मग एकदम गप्प झाले. डोळे उघडे, पण बोलणं नाही, हातातलं बदक वाजवणं नाही. दोनदा हाका मारल्या, उत्तर नाही. सर्जनने लगेच नळी बसवली. त्यानंतर आधी थोडं असंबद्ध बोलले आणि मग पूर्ववत. हात-पाय चांगले आहेत.

वहिनीने पदराने तोंड पुसलं. मी विचारलं, याचा पुढे अर्थ काय? त्या म्हणाल्या, सर्जन बोलतील.

सर्जन घरी सोडण्याच्या दिवशी बोलले. भावाचा आवाज तोवर घोगरा झाला होता, भाकरीच्या तव्यावर खराटा फिरवावा तसा. नाकातून बारीक कॅमेरा घालून पाहिलं तर स्वरयंत्राची डावी पट्टी सुस्त पडली होती. हे अपेक्षित धोक्यांतलंच होतं. महत्त्वाची गोष्ट दुसरी होती. उजवी नसही अरुंद होती, डावीपेक्षा कमी. एरवी अशी नस त्यांनी गोळ्यांवर ठेवली असती. पण डावी अडवल्यावर वाचा बंद पडली, म्हणजे उजवी नस मेंदूला पुरी पडत नाही, असं धरावं लागतं. तेव्हा काही महिन्यांनी तीही उघडलेली बरी.

"और आवाज़?" मी विचारलं.

त्यांनी टाळलं नाही. डावी पट्टी तोवर सुधारली नाही आणि उजवीकडच्या ऑपरेशनात उजवी पट्टीही सुस्त पडली, तर आवाज जवळपास जाईल, श्वासालाही त्रास होऊ शकेल. म्हणून आधी परत कॅमेऱ्याने पाहायचं. दिवाळीच्या आधी या, मग ठरवू.

मी तारीख लिहून घेतली. भाऊ गाडीत बसल्यावर म्हणाला, "एक बाजू बसली. आता दुसरी बसवाले बोलावलं."

त्या उन्हाळ्यात वडनेरच्या घरी माणसांची रीघ लागली. येणारा केळी किंवा बिस्किटाचा पुडा ठेवायचा आणि विचारायचा, आता कसं आहे? भाऊ घोगऱ्या आवाजात म्हणायचा, पहिल्यासारखंच आहे. माणूस चमकायचा. आधी धडधाकट होता, आता मानेवर लांब व्रण, आवाज बसलेला, जबड्याखालची कातडी बधिर. दाढी करताना कापलं तरी त्याला कळत नसे, वहिनी सांगायची तेव्हा कळे. लोकांनी हिशेब केला तो त्यांच्या बाजूने बरोबर होता. दवाखान्यात जाताना माणूस चांगला होता, येताना बिघडून आला. मी एकदोघांना समजावलं की न झालेली गोष्ट दिसत नसते. एक म्हातारी आत्या म्हणाली, "न झालेली गोष्ट दाखवून डॉक्टर पैशे घेते, अन् झालेली आमी पाहून राह्यलो." त्यानंतर मी समजावणं बंद केलं.

पोळ्याला मी गावी गेले. भावाने बैल धुतले, खांदे शेकले, झुली घातल्या. तोरणाखाली बैल उभे राहिले. वरच्या पुऱ्याच्या माणसाने पहिली झडती टाकली. ती भावावरच होती, हे सगळ्यांना कळलं:

खालच्या पुऱ्याचा बैल भारी,
झूल रेशमी, ऐट न्यारी.
घंटा बांधली, वाजत नाई,
धनी उभा, गाजत नाई.

गावाने जबाब दिला, हसला, आणि खालच्या पुऱ्याकडे पाहिलं. भाऊ कासरा धरून उभा राहिला. कुणीतरी पोराने मागून काहीतरी अर्धवट म्हटलं, तोरण तुटलं, बैल सुटले.

संध्याकाळी बैलांची पूजा आणि जेवणं झाल्यावर आम्ही तिघं ओसरीत बसलो. वहिनी चिडलेली होती. "एक तं म्हनाची होती. घोगऱ्यानं का होईना. लोकायनं आयकून घेतलं असतं."

"म्हनून काय फायदा?" भाऊ म्हणाला. "दवाखान्यात म्हनली नाई का? एकानं जबाब देल्ला नाई."

"ऑपरेशनमध्ये?" मी विचारलं.

"मंग कुठं? त्या बाईनं सांगतलं थांबू नोको, काहीबी बोल. मी झडत्याच सुरू केल्या. दोन झाल्या तवा ते पोट्टे हसून राह्यले होते, जबाब नाई आला तरी मी म्हनलं चालते, नवे हायेत. पन ढवळ्याची म्हनली, हर बोला म्हनलं, अन् थांबलो. ढवळ्याचीले तं जबाब पायजे ना वं. बाबाची झडती हाय ते."

मी त्याला पुन्हा विचारलं. थांबलास म्हणजे काय, बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं?

"येत काऊन नाई? मी बोललो. आता त्याह्यची पारी होती."

"त्या तुला हाका मारत होत्या. काका बोला, काका बोला."

"आयकू येऊन राह्यलं होतं ना. मी मनात म्हनलं, तुमी बोला आधी. जबाबाच्या आधी तोंड उघडलं तं झडती तुटते."

"आणि ते बदक? ते का नाही दाबलं?"

भाऊ माझ्याकडे असा पाहायला लागला की जणू मी पोळा पाहिलेलाच नाही. "हर बोला म्हनल्यावर हात जोडा लागते. हात बांधलेले होते म्हनून गपचूप पडलो. मंग काय महादेवाच्या नावावर बदक वाजवू?"

वहिनीला हसू फुटलं. मला नाही फुटलं, कारण मी दुसऱ्या गोष्टीचा विचार करत होते. मी विचारलं, मग पुढे काय झालं?

"किती वाट पाहाची? काहीतरी खुपसाखुपशी सुरू झाली मानेत. मी समजलो, इथं काई जबाब येत नाई. मंग मीच त्याह्यले टाकली एक:

पंगत बसली, वाढपी नाई,
पोया भरला, जबाब नाई.

तरी समजले नाईत. ते बाई मले विचारते, काका, तुमचं नाव काय?"

दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं मला पाठ होतं: रक्त अडवल्यावर वाचा बंद, नळी घातल्यावर प्रथम असंबद्ध बोलणं, नंतर पूर्ववत. पंगत आणि वाढपी हे ते असंबद्ध. या ओळीवर उजव्या मानेचं ऑपरेशन ठरत होतं.

पण मला लगेच खात्री वाटली नाही, आणि ते इथे लिहून ठेवलं पाहिजे. माणसाला लकव्यासारखं काही क्षणभर झालं तर त्यालाही नंतर असंच वाटू शकतं की आपण मुद्दाम गप्प होतो. आणि माझ्या भावाला झडती तुटली हे मान्य करण्यापेक्षा डॉक्टर अडाणी होते हे मान्य करणं सोपं. हे मी त्याला तोंडावर म्हटलं.

"तुले माह्यावर भरोसा नाई," तो म्हणाला.

"डॉक्टरांसमोर सांग. मग पाहू."

दिवाळीच्या आधी आम्ही गेलो. आधी कॅमेऱ्याची तपासणी झाली. डावी पट्टी थोडी हलायला लागली होती, पूर्ण नाही. मग ओपीडीत सर्जनच्या खोलीत बसलो. मी आदल्या आठवड्यात फोन करून विनंती केली होती म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टर बाईही आल्या होत्या. मी पोळा, झडती आणि जबाब हे थोडक्यात सांगितलं. सर्जन कागद चाळत राहिले. डॉक्टर बाई मात्र पुढे वाकल्या.

"काका, त्या दिवशी म्हटलं होतं तसंच म्हणून दाखवता?"

"आता? इथं?"

"इथंच. जिथं थांबलात तिथं थांबा."

भाऊ खुर्चीवरून उठला. बसून झडती म्हणत नाहीत. घसा खाकरला. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, बाहेर नंबर लावून माणसं बसली होती, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, यवतमाळकडची. भावाने सुरुवात केली. आवाज घोगरा आणि फाटका, पण जोर लावलेला, कारण त्याला दुसऱ्या पद्धतीने म्हणता येत नाही.

"आभाळ आलं, भरून गेलं, नाल्याचं पानी वावरात आलं. वावर धुतलं, धुरा खचला, माह्या ढवळ्याचा खूर नाई हलला. एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

आणि थांबला. हात जोडलेले, मान ताठ, डोळे समोर. पापणी हलत नव्हती. डॉक्टर बाई हळूच म्हणाल्या, "अगदी असेच. डोळे असेच होते."

त्यांचं वाक्य संपायच्या आत बाहेरच्या बाकांवरून आवाज आला, "हर हर महादेव!" आधी दोघातिघांचा, मग सगळ्या रांगेचा. एक शिपाई धावत आला आणि काय झालं विचारायला लागला. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अजून एक होऊ द्या, काका! नंबर तसाबी लागत नाई!"

सर्जनने दार लावून घेतलं. मग बराच वेळ ते आणि डॉक्टर बाई आपसात इंग्रजीत बोलले. मी ऐकत होते. डॉक्टर बाई म्हणत होत्या, मी त्या थांबण्याला वाचा गेली असं धरलं, तेव्हा दुसरं धरायला वेळही नव्हता आणि मला ही पद्धत माहीत नव्हती. पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा नळीच घालायला सांगेन. सर्जन म्हणाले, बरोबर आहे.

आम्हाला त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या दिवशी नक्की काय झालं हे आता कुणी सिद्ध करू शकत नाही. कदाचित वाचा गेली असेल, कदाचित नसेल. पण उजवी नस पुरी पडत नाही असं ज्या एका गोष्टीवरून म्हटलं होतं, ती गोष्ट आता भरवशाची राहिली नाही. मेंदूच्या रक्तपुरवठ्याची आणखी एक तपासणी करू. ती चांगली आली, तर उजव्या नसेला हात लावायचा नाही. गोळ्या, ब्लडप्रेशर, तंबाखू बंद, आणि ठरावीक काळाने सोनोग्राफी. एक पट्टी पूर्ण सुधारलेली नसताना दुसरी बाजू उघडण्याची जोखीम घेण्याजोगं कारण त्यांना दिसत नव्हतं.

"मतलब अगला पोळा मिलेगा?" भावाने विचारलं.

"आपको मिलेगा," सर्जन म्हणाले. "आवाज़ को कितना मिलेगा, पता नहीं."

तपासणी चांगली आली. उजवी मान तशीच आहे.

बाहेर पडताना रांगेतल्या म्हाताऱ्यांनी भावाला थांबवून गाव विचारलं. तो सगळ्यांशी बोलला. एसटी स्टँडवर आल्यावर मी म्हटलं, चला, जबाब तर मिळाला. "उशिरानं मिळाला," तो म्हणाला. "अन् सुरुवात त्या यवतमाळवाल्यानं केली. आपल्या जिल्ह्याचे बसूनच होते."

त्याला आता बराच काळ झाला. पडदा पुन्हा आला नाही. लकवा आला नाही. ऑपरेशन झालं नसतं तर आला असता का, हे कुणालाच माहीत नाही. आवाज थोडा सुधारला आणि तिथेच थांबला. जबड्याखाली अजून बधिर आहे, आता दाढी वहिनी पाहून घेते. गावचं मत बदललेलं नाही. पुढच्या पोळ्याला त्याने एकच झडती म्हटली. पुढे उभ्या असलेल्यांनी ऐकून जबाब दिला आणि मागच्यांनी पुढच्यांचा ऐकून दिला. वरच्या पुऱ्याने तक्रार केली की एका झडतीला दोन जबाब मिळाले.

मी रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी त्याला फोन करते. गोळी घेतली का हे विचारते, पण लक्ष त्याच्या पहिल्या दोन वाक्यांकडे असतं. शब्द सरळ येतात का, एखादा अडखळतो का, चुकीचा पडतो का. डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं की तसं झालं तर थांबायचं नाही, थेट निघायचं. परवा मी गोळीचं विचारलं आणि पलीकडे काहीच आवाज आला नाही. मी पर्स खांद्याला लावून उभीच होते, गाडीची किल्ली हातात घेतली.

"हॅलो," मी म्हटलं. "बोल ना. दादा, बोल."

"चावू तं दे वं," तो म्हणाला. "तोंडात पोहे हायेत. रोज परीक्षा घेते का? बोल लवकर, मले बैलाईले ढेप आनाले जायाचं हाय."

मी किल्ली खाली ठेवली आणि ढेपेचा भाव विचारला.